तुझं कोण आलंय?

सोमवार, २ सप्टेंबर

ही वही मोठ्या बाईंनी दिली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या भिंगरीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. म्हणाल्या, "गेटवर रोज काय घडतं ते लिहीत जा. त्यातूनच आपण पालकांसाठी माहितीपत्रक काढू." मी वेल्डर माणूस. बिलाशिवाय आयुष्यात काही लिहिलेलं नाही. पण वर्कशॉपमध्ये खोक्यावर बसून लिहायला बरं वाटतंय. त्यांना द्यायचं ते वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही माझी.

झालं असं. गेल्या आठवड्यात पहिलीतल्या एका पोराला 'मी ह्याचा काका' असं सांगून एक भामटा घेऊन चालला होता. शाळेच्या मावशींनी पोराचा हात त्याच्या हातात दिलासुद्धा! कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पोराचं रडणं काही साधं वाटेना, त्याने हटकलं, तेव्हा तो पळाला. मी असतो तिथे, तर त्याचे गुडघे उलटे वळवले असते.

शनिवारी पालकसभा झाली. नुसता गोंधळ. कोणी म्हणे ओळखपत्रं काढा, कोणी म्हणे फोन करून खात्री करा. माझं डोकं सटकलं. टेबलावर अशी मूठ हाणली की पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला. सगळे चिडीचूप. मग सांगितलं, ओळखपत्र चोरता येतं आणि फोनवर कोणीही बाप होतो. विचारायचं तर पोराला विचारा ना! बाईंनी पोराचा हात धरून दारात उभं राहायचं आणि मोठ्याने विचारायचं, "तुझं कोण आलंय?" पोराने सांगितलं आणि बोट दाखवलं, तरच हात सोडायचा. पोर बोललं नाही तर हात सुटणार नाही. मग बाहेर साक्षात बाप उभा असला तरी!

काय टाळ्या पडल्या! गेटची सगळी जबाबदारी तिथल्या तिथे माझ्या गळ्यात. भिंगरी तिच्या आईच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती. बायको फुटलेल्या काचा गोळा करत होती.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

नवं गेट बसवलं. जाड चौकोनी पाइपची चौकट, उभ्या गजांची जाळी, आणि मध्ये छोटं दार. एका वेळी एकच पोर बाहेर पडेल एवढं. प्रत्येक जोड हातोड्याने ठोकून बघितला. पोरं धावत येतात, आदळतात, म्हणून एकूण एक कड ग्राइंडरने घासली, मग कानशीने गोल केली. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवतो. माझा हात कुठे अडकला नाही म्हणजे पोरांचा गाल अडकायचा नाही. ही माझी पद्धत. बाहेर रस्त्यावर पिवळ्या रंगाची रेषा मारली. पालकांनी रेषेच्या मागे राहायचं. रेषा ओलांडली की गाठ माझ्याशी.

घरी गेलो तर भिंगरी गिरक्या घेत होती. तिचं हे लहानपणापासूनचं, म्हणून तर नाव भिंगरी. गिरकी घेता घेता दुधाचा कप उडवला, सगळं माझ्या शर्टावर. एक ठेवून दिली. जोरात नाही. दोन मिनिटांत रडू बंद आणि गोधडीत शिरून झोपलीसुद्धा. मुलांचं बरं असतं, लगेच विसरतात.

सोमवार, ९ सप्टेंबर

नियमाचा पहिला दिवस. हसून हसून पोट दुखलं. दुसरीच्या बाईंनी एका पोराला विचारलं, "तुझं कोण आलंय?" तर म्हणतो, "कोणी नाही, नुसते आजोबा आलेत." आजोबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एका पोरीने स्वतःच्या बापाकडे बोट दाखवून सांगितलं, "हा आईचा ड्रायव्हर." ह्या दुसरीच्या बाई म्हणजे भिंगरीच्या वर्गशिक्षिका. अंगावर फुंकर मारली तर उडतील. मी मनातल्या मनात त्यांचं नाव काडीपैलवान ठेवलंय.

मग एक हेल्मेटवाला बाप आला. मोटरसायकल थेट रेषेच्या आत घातली. म्हटलं, "मागे घ्या." तर म्हणतो, "तू कोण रे? शाळा तुझ्या बापाची?" तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलर धरून खाली ओढला, गाडी लाथेने आडवी केली आणि दोन ठोसे दिले. हेल्मेटची काच वर होती. दुसऱ्या ठोशाला दात हलल्याचं हाताला जाणवलं. तो रक्त थुंकत खाली बसला आणि रेषेमागे अशी रांग लागली म्हणून सांगू! सैन्यातसुद्धा लागणार नाही. मोठ्या बाई धावत आल्या, जरा ओरडल्या, पण शिस्त लागली ती लागलीच.

घरी जाताना भिंगरी म्हणाली, "बाबा, तुझ्या हाताला रक्त लागलंय."

म्हटलं, "माझं नाही ते, घाबरू नकोस."

मग घरापर्यंत एक शब्द नाही. उन्हाने दमली असणार.

गुरुवार, १२ सप्टेंबर

माहितीपत्रकाचा कच्चा मसुदा मोठ्या बाईंना दिला. इथे उतरवून ठेवतो. शाळा भरायच्या आधी दहा मिनिटं यावं. पोराला ताप असेल तर गोळी देऊन शाळेत ढकलू नये, वर्गात उलटी केली की बाईंना पुसावी लागते. बाटलीवर, स्वेटरवर, डब्यावर नाव घालावं. डब्याचं झाकण पोराला स्वतःला उघडता आलं पाहिजे आणि झाकणाची कड धारदार नको, बोटं कापतात. उवा झाल्या तर लाजू नये, सांगावं. घरचा नंबर बदलला तर कळवावा. कोण आलंय ते पोराने सांगितल्याशिवाय हात सुटणार नाही, बाहेर साक्षात बाप उभा असला तरी. गेटवर दादागिरी केली तर थोबाड फोडण्यात येईल.

मोठ्या बाईंनी शेवटचं वाक्य खोडलं. ठीक आहे. पण 'बाहेर साक्षात बाप उभा असला तरी' हेही खोडलं. म्हणाल्या, "कडक वाटतं हो. पालक दुखावतील." मी म्हटलं, "तेच तर वाक्य आहे! बाकीचं सगळं चिल्लर." नाही ऐकल्या.

वर काडीपैलवान बाईंनी हळूच सुचवलं, "एक ओळ घालूया का? घरी मुलांवर हात उगारू नये." मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, तुमचं लग्न झालं नाही अजून. मार वेगळा आणि वळण लावणं वेगळं."

त्या म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

म्हटलं, "ठणठणीत!"

मंगळवार, १७ सप्टेंबर

शाळेतून बोलावणं. भिंगरीने एका मुलाला चावून रक्त काढलं. मधल्या सुट्टीत पोरं 'गेट-गेट' खेळत होती. हिने खडूने रेषा मारली आणि जो ओलांडेल त्याला मारायचं. एकाने ओलांडली. हिने त्याला खाली पाडलं, छातीवर बसली आणि कान चावला. बाईंनी सोडवायला हात लावला तर डोक्यावर दोन्ही कोपरं घेऊन बसली म्हणे. बराच वेळ उठेना.

मी त्या मुलाच्या आईची माफी मागितली, पण खरं सांगायचं तर ऊर भरून आला. बापाची लेक! रस्त्यात तिला आईस्क्रीम घेऊन दिलं. ते तिच्या हातात वितळून गेलं. हल्ली खायचे नखरे फार वाढलेत हिचे. गिरक्यासुद्धा घेत नाही. वाढतं वय.

गुरुवार, १९ सप्टेंबर

काल संध्याकाळी घरात तमाशा झाला. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला असते. सहाला सुटते, आली साडेसातला. चादरींचा ढीग आला होता म्हणे. मी दिवसभर आगीसमोर, पोटात कावळे ओरडतायत, आणि ही बाई चादरींच्या गप्पा सांगतेय. मी फक्त विचारलं, कोणाच्या चादरी. ती म्हणाली, "अहो, पोरीसमोर काहीतरीच काय बोलता?"

समोर भिंगरीचा स्टीलचा डबा होता, तो भिरकावला. भिंतीवर मारायचा होता. झाकण सुटलं आणि बायकोच्या भुवईच्या वर लागलं. रक्त काय, नळ सोडल्यासारखं. डोळ्यात, मानेवर, इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर सगळं लाल. ती ओरडलीसुद्धा नाही, त्याचा जास्त राग आला. खांद्याला धरून हलवलं, म्हटलं, बोल की काहीतरी! ती डोक्यावर कोपरं घेऊन खाली बसली. मीच रिक्षा आणली, मीच टाके घालून आणले. त्या झाकणाची कड खरंच फार वाईट आहे. कंपनीवर खटला भरला पाहिजे.

आता ऐका कमाल. आज सकाळी शाळेत बायकांनी विचारलं तर ही सांगते, "नव्या गेटला आपटले." माझ्या गेटला! घरी येऊन तिला म्हटलं, दुसरं काही सुचलं नाही का गं? जिन्यावरून पडले सांग, कपाटाला आपटले सांग. माझ्या कामाला कशाला नाव ठेवतेस? एकूण एक कड गोल केली आहे मी. ती म्हणाली, "चुकलं." विषय संपला.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज एक छान गोष्ट घडली. शाळा सुटल्यावर सगळे गेले, मी मागे कुलूप लावायला थांबलो होतो. बघतो तर काडीपैलवान बाई गेटपाशी एकट्याच. चौकटीच्या कडेवरून तळहात फिरवतायत. खालून वर, वरून खाली, अगदी सावकाश. मग छोट्या दाराची कड. डोक्याच्या उंचीला आल्यावर पुन्हा पुन्हा फिरवला. हुबेहूब मी करतो तसं.

म्हटलं, "काय बाई, कुठे अडकतोय का हात?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कुठेच अडकत नाही."

"अडकणारच नाही! माझं काम आहे ते."

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतंय." चेहरा मात्र आंबट. कौतुक करतानासुद्धा काही लोकांना हसू येत नाही. तरी कामाची पारख असणारी माणसं हल्ली मिळतात कुठे? मी उरलेला दिवस शीळ वाजवत होतो.

बुधवार, २५ सप्टेंबर

डावा डोळा मिटलाय, एका डोळ्याने लिहितोय. हेल्मेटवाला आज दोन भावांना घेऊन आला. शाळा सुटायच्या ऐन वेळी. एकाच्या हातात लोखंडी नळी. माझी पाठ त्यांच्याकडे होती. पहिला फटका बरगडीत बसला, श्वासच बंद. दुसरा डोळ्यावर. मी पिवळ्या रेषेवर गुडघ्यांवर पडलो आणि तिघांनी मिळून लाथा घातल्या. पालक? सगळे रेषेमागे. एकानेही पुढे पाऊल टाकलं नाही. मीच शिकवलेली शिस्त!

पिशवी खांद्याला होती. वेल्डिंगवरचा कीट पाडायची टोकदार हातोडी हाताला लागली. जो नळीवाला होता त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो, सुकी फांदी मोडल्यासारखा येतो. तो बोंबलत लोळला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर घातली. हेल्मेटवाला पळत होता, त्याला पकडला आणि त्याचं तोंड गेटच्या गजांवर आपटलं. परत आपटलं. परत आपटलं. कोणीतरी 'बाबा, नको' असं ओरडत होतं. मग कळलं, गजांच्या पलीकडे अगदी समोर भिंगरी उभी होती. त्याचं रक्त तिच्या फ्रॉकवर उडालं होतं.

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही गेटवर नकोत. फक्त पालक म्हणून या." म्हणजे मार खायचा मी, शाळा वाचवायची मी, आणि वर हे! माझं गेट, माझी रेषा, माझा नियम. त्यांच्या टेबलावर नवीन ग्लास होता, तोही फोडून आलो.

गुरुवार, २६ सप्टेंबर

वर्कशॉप उघडलंय पण वेल्डिंगच्या होल्डरला हात लावला नाही. काल संध्याकाळचं लिहून टाकतो म्हणजे डोकं मोकळं होईल.

घरी गेलो तर बायको पिशवी भरत होती. म्हणाली, "काही दिवस भिंगरीला घेऊन भावाकडे जाते." मी दारात उभा राहिलो. म्हटलं, कोण जाऊ देतंय बघू. ती म्हणाली, "तुमच्या पाया पडते, आज नको." पिशवी हिसकावली, कपडे उधळले, तिचे केस धरले. ती कधी नव्हे ते माझ्या हाताला चावली. मग मात्र मी सुटलो. उलट्या हाताने एक फिरवली, पुरी ताकद लावून.

भिंगरी मध्ये आली. मी तिला पाहिलंच नाही. माझा एक डोळा मिटलेला, त्या बाजूने आली. पोर उडून पलंगाच्या पायावर पडली. ओठ फाटला, पुढचा दात हातात आला. दुधाचाच होता, तसाही पडणारच होता. ती रडली नाही. उठली आणि आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. अगदी मी रेषेवर उभा राहतो तशी.

मी बाहेर निघून गेलो. सकाळी घरी आलो तर दोघी नाहीत, आणि दप्तरही नाही. म्हणजे पोर शाळेत आहे. बायको तिला तिथूनच परस्पर मामाकडे नेणार, हे न कळायला मी काही दुधखुळा नाही. शाळा साडेबाराला सुटते. मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहणार. पोर हातात आली की बायको झक मारत येईल घरी. नवीन कंपासपेटी घेतलीय तिच्यासाठी, उघडली की आतून जिन्यासारखे कप्पे निघतात अशी. बाप आहे मी तिचा. चोर नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज सकाळी कोठडीतून सोडलं. बरगड्या ठणकतायत. जसं झालं तसं लिहितो.

गुरुवारी मी रेषेवर पहिला होतो. मागे रांग लागली, पण माझ्यापासून चांगली हातभर लांब. छोटं दार उघडलं. एकेक वर्ग सुटला. दुसरीचा आला. काडीपैलवान बाई भिंगरीचा हात धरून दारात आल्या. तिचा ओठ सुजून जांभळा झाला होता. मी कंपासपेटी वर करून दाखवली.

बाईंनी विचारलं, "तुझं कोण आलंय?"

भिंगरी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. हातांकडे बघत होती.

मी म्हटलं, "सांग की गं, बाबा आलाय!"

बाईंनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात, "तुझं कोण आलंय?"

ती म्हणाली, "कोणी नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी हसलोसुद्धा. म्हटलं, "थट्टा करतेय. सोडा हात."

बाई म्हणाल्या, "नाही सुटणार."

"मी बाप आहे तिचा!"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि दार ओढून आतून कडी घातली.

मग मला काही दिसेना. पिशवीतून मोठा हातोडा काढला आणि दारावर घातला. पूर्ण गेट थरारलं. आत पोरांचा एकच आकांत. कडीवर घातला, बिजागऱ्यांवर घातला, गजांवर घातला. ठिणग्या उडत होत्या. कुठला जोड कच्चा असेल ते मी आठवत होतो, आणि एकही कच्चा नव्हता. प्रत्येक ठोकून बघितलेला. बाईंना म्हटलं, "उघड, नाहीतर तुझं डोकं फोडीन!" मागे सगळी रांग उभी होती. गेटवाल्याला अडवायचं कोणी? सगळे रेषेच्या मागे, मुकाट.

हातोडा वर घेतला आणि गजांमधून भिंगरी दिसली. खाली बसली होती, डोक्यावर दोन्ही कोपरं घेऊन. तिची आई बसते तशी. अगदी तशीच. आणि त्या काडीसारख्या बाई तिच्यावर ओणव्या झाल्या होत्या, पाठ माझ्याकडे करून, म्हणजे हातोडा आत आलाच तर आधी त्यांच्या पाठीत बसेल. एवढीशी पाठ. ब्लाउजमधून मणके मोजता येतील.

हातोडा कधी खाली पडला ते आठवत नाही. कोणीतरी माझ्या शेजारून पुढे गेलं. बायको होती. कपाळावर टाक्यांची पट्टी. सरळ रेषा ओलांडून दारापाशी गेली. बाई उठल्या आणि भिंगरीचा हात धरून उभ्या राहिल्या. आणि बायकोसमोरसुद्धा विचारलंच त्यांनी, "तुझं कोण आलंय?"

"आई."

हात सुटला. दोघी माझ्या बाजूने गेल्या. भिंगरीने आईला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं आणि स्वतः माझ्या बाजूने चालली. मग पोलीस आले.

रविवार, ६ ऑक्टोबर

दोघी मामाकडे आहेत. मला तिकडे फिरकायला बंदी आहे. घरात डबा तसाच पडलाय, झाकणाशिवाय.

मोठ्या बाईंचा निरोप आला होता की गेट दुरुस्त करायला दुसरा माणूस बोलावतोय. मी जाऊन सांगितलं, पोरं नसतील तेव्हा मीच करून देतो, माझीच नासधूस आहे. त्या म्हणाल्या, "रविवारी या. मी स्वतः हजर असेन."

आज गेलो. वाकलेले दोन गज कापून नवे घातले. कडी बदलली. जोड सगळे शाबूत होते. मग नेहमीप्रमाणे डोळे मिटून चौकटीवरून तळहात फिरवला आणि हात फाटला. डोक्याच्या उंचीला माझ्याच हातोड्याने पाइप चिरून पत्र्याची जीभ बाहेर आली होती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चिरलं, रक्त मनगटावरून खाली टपटप. मी हाताकडे बघत तसाच उभा राहिलो, आणि मला त्या बाई दिसल्या. सावकाश हात फिरवणाऱ्या. ह्याच उंचीला. पुन्हा पुन्हा.

कुठेच अडकत नाही, म्हणाल्या होत्या.

माझ्या कामाचं कौतुक करत नव्हत्या त्या. बायकोचं कपाळ नेमकं कुठे फुटलं ते शोधत होत्या, आणि ते गेटवर कुठेच नव्हतं. तेव्हापासून त्यांना माहीत होतं. माहीत असून त्या रोज दारात माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझ्या पोरीचा हात धरून. आणि मी शीळ वाजवत होतो. शरम वाटली. भिंगरी माझ्या हातांकडे का बघत होती तेही तेव्हाच कळलं, खरं तर आधीच कळलं असणार, पण मी ते कळू दिलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी हाताला बांधायला फडकं आणून दिलं. मी कानस घेतली आणि ती जीभ घासायला लागलो. त्या जवळच खुर्ची टाकून बसल्या होत्या, पुढ्यात माहितीपत्रकाचे कागद. म्हणाल्या, "उद्या हे छापायला जातंय. पालकसभेत काही जणांचं म्हणणं पडलं की स्वतः आई-वडील आले असतील तर मुलाला विचारू नये. नाहीतर परत असला प्रसंग येईल. नियम मूळ तुमचा, म्हणून विचारते."

लोक मला घाबरून बोलत होते, हे उघड आहे. नियम गेला तर उद्याच्या उद्या मी गेटवर जाऊन भिंगरीला घेऊन येऊ शकतो. बंदी मामाच्या घराची आहे, शाळेची अजून कोणी घातलेली नाही. मोठ्या बाईंनाही ते माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी कड घासत राहिलो. आईशप्पथ, माझी पोर मला हवी होती. अजून हवी आहे.

"नियम राहू दे," मी म्हटलं.

"बरं."

"आणि बाई, तुम्ही एक वाक्य खोडलं होतं."

"कोणतं?"

"साक्षात बाप उभा असला तरी. ते परत घाला."

त्यांनी पेन काढलं आणि मी पुन्हा बोलून दाखवलं तसं अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. मग मी दुसरा हात, न कापलेला, कडेवरून फिरवला. अजून थोडं अडकत होतं, म्हणून कानस पुन्हा हातात घेतली.